पद्यबद्ध आत्मकथनें आणि इतिहासाचा तास

आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार आपल्याकडे इंग्रजी विद्येबरोबर आला, हा समज इतका रूढ आहे कीं तो तपासून पाहण्याची गरज सहसा कोणास वाटत नाहीं. नाना फडणिसांनीं पानिपतच्या प्रसंगापर्यंतचा आपला वृत्तान्त स्वतः लिहून ठेविला आहे, एवढें इतिहासाच्या अभ्यासकांस ठाऊक असतें. रमाबाई रानडे यांच्या १९१० सालच्या आठवणी आणि लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' हीं तर घरोघरीं वाचलीं गेलीं आहेत. परंतु हें सर्व गद्य झालें. पद्यांत कोणी आपलें आयुष्य सांगितलें असेल, आणि तें सांगणें इतिहासाचें साधन म्हणून वर्गांत वाचतां येईल, ही गोष्ट मात्र शिकल्यासवरलेल्यांच्याहि ध्यानांत क्वचितच येते. आमच्या शाळांतील वांटणीच तशी आहे. पद्य असेल तें मराठीच्या तासास जावयाचें. तेथें त्याचा भावार्थ सांगावयाचा, अलंकार ओळखावयाचे आणि पुढच्या कवितेकडे वळावयाचें. इतिहासाच्या तासास राजे, लढाया, तह व सनावळी. या दोन खोल्यांमधील दारांत जीं माणसें उभीं आहेत तीं कोणत्याच खोलींत शिरत नाहींत.

पाश्चात्त्यांकडे ही अडचण थोडी कमी दिसते. वर्डस्वर्थचें 'प्रिल्यूड' हें दीर्घकाव्य त्याच्या मृत्यूनंतर १८५० सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत कवीच्या मनाची घडण आहे, तशीच फ्रान्समधील राज्यक्रान्तीच्या दिवसांत एका तरुण इंग्रजाच्या मनांत काय उसळलें व काय विझलें याची साक्षहि आहे. अमेरिकेंत जॅकलीन वुडसन या कृष्णवर्णीय लेखिकेनें आपलें बालपण मुक्तपद्यांत सांगितलें. त्या पुस्तकास २०१४ सालीं तेथील राष्ट्रीय ग्रंथ-पारितोषिक मिळालें, आणि तेथील शाळांतून तें वर्णभेदाच्या इतिहासाबरोबर वाचलें जातें. असलें कांहीं मराठींतहि निर्माण व्हावें असें कोणा उत्साही शिक्षकास वाटलें तर त्यांत वावगें कांहीं नाहीं. निर्माण जरूर व्हावें. पण जें साडेतीनशें वर्षांपूर्वीं निर्माण होऊन बसलें आहे तें आधीं वाचावयास काय हरकत आहे?

आम्ही बोलत आहों तें वैजापूर तालुक्यांतील शिऊरच्या संत बहिणाबाईविषयीं. नांवापाशींच एक खुलासा करणें भाग आहे. वर्गांत 'बहिणाबाई' म्हटलें कीं मुलांस खानदेशांतील बहिणाबाई चौधरी आठवतात, आणि ते स्वाभाविकहि आहे. त्यांचीं गाणीं १९५२ सालीं पुस्तकरूपानें आलीं तेव्हांपासून तीं मराठी मुलांच्या कानांवर आहेत. त्यांचा जन्म १८८० सालचा. शिऊरची बहिणाबाई १६२८ सालीं जन्मली व १७०० सालीं वारली. दोघींमध्यें अडीचशें वर्षांचें अंतर आहे. संत बहिणाबाईची म्हणून जी एकच रचना बहुतेकांस ठाऊक असते, ती वारकरी पंथास देवळाची उपमा देऊन ज्ञानदेवांस पाया व तुकोबांस कळस ठरविणारी. त्या एका अभंगानें तिची कीर्ति झाली आणि त्याच अभंगानें ती झांकूनहि टाकली. कारण त्यांत ती स्वतः कोठेंच नाहीं. ती जेथें आहे ते सुमारें शंभर अभंग गाथेच्या आरंभीं आहेत, त्यांस आत्मनिवेदन म्हणतात, आणि ते कोणी फारसे वाचत नाहींत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत तिची गाथा छापली गेली, आणि १९२९ सालीं जस्टिन ॲबट या अमेरिकन मिशनऱ्यानें आपल्या संतचरित्रमालेंत तिच्या आत्मचरित्राचें इंग्रजी भाषांतर केलें. त्या भाषांतराच्या आधारें परदेशांत तिच्यावर जेवढी चर्चा झाली तेवढी आमच्या शाळा-कॉलेजांत झालेली नाहीं, हें सांगतांना संकोच वाटतो. पण तें खरें आहे.

या अभंगांत आहे तरी काय? वेरूळच्या परिसरांतील देवगांव हें तिचें जन्मगांव. बाप आउजी कुलकर्णी, आई जानकी. तिसऱ्या वर्षीं लग्न झालें. वर तीस वर्षांचा बिजवर, नात्यांतलाच, विद्वान् म्हणून नांवाजलेला. ती नऊ वर्षांची असतां कर्ज व भाऊबंदकी यांच्यापायीं घरच्यांस गांव सोडावें लागलें. आईबाप, जांवई व ही मुलगी अशीं मंडळी गोदातीरानें भिक्षा मागत निघालीं. पंढरपूर झालें, शिखर शिंगणापूरचा महादेव झाला, रहिमतपुरास कांहीं दिवस मुक्काम झाला, आणि तिच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास तीं सर्व कोल्हापुरास पोहोंचलीं. तेथें एका ब्राह्मणाच्या घरीं आसरा मिळाला. घरीं एक गाय आली, तिला वांसरू झालें, आणि त्या वांसरास या मुलीचा विलक्षण लळा लागला. ती पाण्यास गेली तर तें मागें, ती कीर्तनास गेली तर तें मागें. जयरामस्वामी वडगांवकरांच्या कीर्तनांत एके दिवशीं गर्दी झाली म्हणून लोकांनीं वांसरास बाहेर घालविलें. तें हंबरूं लागलें, ही रडूं लागली. स्वामींनीं दोघांस जवळ बोलावून दोघांच्याहि मस्तकावर हात ठेविला. गांवांत बोलवा झाली. ती नवऱ्याच्या कानांवर गेली, आणि त्यानें तिला मारमार मारून बांधून ठेविलें.

इतकें सारें ती अभंगांत सांगते, आणि तें अगदीं साध्या शब्दांत सांगते. पुढें वांसरू मरतें, ती मूर्च्छित पडते, आणि तिला स्वप्नांत तुकोबांचें दर्शन होऊन मंत्र मिळतो. ती त्या दिवसाची तिथि व वार देते: कार्तिक वद्य पंचमी, रविवार. ज्या माणसास आपण पाहिलेंहि नाहीं त्याच्याकडून स्वप्नांत उपदेश झाला, आणि तो माणूस जातीनें शूद्र. वेदशास्त्र जाणणाऱ्या नवऱ्यास हें सोसेना. पत्नीस टाकून रानांत निघून जाण्यापर्यंत त्याची तयारी झाली. ती त्या वेळीं गरोदर होती. तेवढ्यांत तो आजारी पडला, त्यास पश्चात्ताप झाला, आणि सर्व मंडळी देहूस गेलीं.

आम्हीं हे अभंग एकदां इतिहासाच्या तासास वाचले. वर्ग नववीचा होता. मार खाल्ल्याचा अभंग वाचून झाल्यावर मागच्या बांकावरील एका मुलीनें विचारलें, "तेव्हां ती आमच्याहून लहान होती ना?" आम्हीं होय म्हटलें. मग तिनेंच फळ्यावर सन मांडला: १६२८ अधिक अकरा, म्हणजे १६३९. एका मुलानें लगेच सांगितलें कीं त्या वेळीं शिवाजी महाराज नऊ वर्षांचे होते. वर्गांत थोडा वेळ कोणी बोललें नाहीं. शिवकाल हा तोंवर त्या मुलांच्या मनांत गडकोटांचा व घोडदौडीचा काल होता. त्याच कालांत, त्याच देशांत, त्यांच्याएवढीच एक मुलगी खांबाशीं कीं खुंट्याशीं बांधून पडली होती, ही कल्पना त्यांस नवीन होती. सनावळीनें जें साधलें नसतें तें एका बेरजेनें साधलें.

आतां, याच ठिकाणीं शिक्षकांची परीक्षा असते. हा अभंग गाळून पुढें जाण्याची वृत्ति सार्वत्रिक आहे. संतचरित्रांत मारहाण कशाला, असें कोणी म्हणतात; दुसरे कोणी उलट बाजूनें तेवढाच अभंग उचलतात, आणि त्यावरून सतराव्या शतकांतील स्त्रियांच्या स्थितीविषयीं एक परिच्छेद लिहवून घेतात. दोघेहि तिचें ऐकत नाहींत. बहिणाबाईनें पतीची निंदा केलेली नाहीं. ज्या नवऱ्यानें तिला बांधून ठेविलें त्यालाच ती पुढें आपलें दैवत म्हणते. पति सोडून जाणार असें दिसतांच, त्याची सेवा सोडून देव तरी काय कामाचा, असा निश्चय ती बोलून दाखविते. पतिव्रताधर्मावरचे तिचे अभंग आत्मनिवेदनाइतकेच कळकळीचे आहेत. आणि तरीहि स्वप्नांत मिळालेला गुरु तिनें सोडला नाहीं. ही ओढाताण तिनें शेवटपर्यंत मिटविली नाहीं. आपण ती तिच्या वतीनें मिटवूं पाहावी हें आम्हांस मुळींच पसंत नाहीं. मुलांनीं मारहाणीचे अभंग व पतिसेवेचे अभंग एकापुढें एक वाचावेत, आणि जो घोटाळा मनांत उडेल तो उडूं द्यावा.

पद्य म्हणजे अतिशयोक्ति, सबब त्यावर विश्वास ठेवूं नये, असा एक आक्षेप इतिहासाच्या बाजूनें येतो. आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. वांसरू मरतांना संस्कृत श्लोकाचा चरण बोललें, असें बहिणाबाई सांगते. देहूस मंबाजीनें तिच्या गाईस मारलें त्याचे वळ तुकोबांच्या पाठीवर उमटले, असेंहि सांगते. इतिहासाच्या शिक्षकानें या जागीं काय करावें? हंसूं नये, आणि शपथेवरहि सांगूं नये. कोण सांगतें, तें त्या वेळीं कोठें होतें, त्यानें स्वतः पाहिलें कीं ऐकलें, आणि ऐकणारे कोण होते, एवढें विचारलें तरी पुष्कळ उलगडा होतो. वांसराच्या वेळीं ती स्वतः शोकानें वेडीपिशी होती. गाईच्या वळांची कथा सबंध गांवाची होती, आणि त्या गांवांत मंबाजीचा पक्ष व तुकोबांचा पक्ष असे दोन तट पडलेले होते. चमत्कार खरा कीं खोटा हा प्रश्न बाजूस ठेवला तरी, एका ब्राह्मण स्त्रीनें शूद्राचें शिष्यत्व पत्करल्याबरोबर गांवांत काय काय पेटलें, याची ती पहिल्या प्रतीची साक्ष ठरते.

साक्षीचा विषय निघाला आहे म्हणून एक गोष्ट थोड्या विस्तारानें सांगूं. तुकोबांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणींत बुडविल्या गेल्या व त्या तेरा दिवसांनीं वर आल्या, ही कथा महाराष्ट्रांत कोणास ठाऊक नाहीं? पण ती आम्हांस बहुधा ठाऊक असते ती महिपतीच्या चरित्रावरून, कीर्तनांवरून व बोलपटावरून. महिपतीनें 'भक्तविजय' रचला तो १७६२ सालीं, म्हणजे तुकोबांच्या निर्याणानंतर शंभराहून अधिक वर्षांनीं. बहिणाबाईच्या अभंगांत या तेरा दिवसांचा उल्लेख आहे, आणि ती तुकोबांच्या हयातींत देहूस राहिलेली त्यांची शिष्या आहे. आतां ती वह्या बुडविण्याच्या वेळीं तेथें हजर नव्हती. ही हकीकत तिच्या कानीं आली ती देहूस येण्यापूर्वीं. म्हणजे तिची साक्ष घटनेची नसून त्या घटनेविषयींच्या बोलण्याची आहे: तुकोबा जिवंत असतांना, देहूपासून इतक्या दूर, लोक ही गोष्ट सांगत होते. इतिहासाच्या दृष्टीनें हें कांहीं थोडें नव्हे. आणि प्रत्यक्ष पाहणाऱ्याची साक्ष व समकालीन ऐकीव साक्ष यांतील भेद शिकविण्यास याहून सुबोध उदाहरण आम्हांस तरी दुसरें माहीत नाहीं. पोथ्यांच्या नकला होत असतां कांहीं ओळी मागाहून शिरल्या असतील काय, हा प्रश्नहि हुशार मुलें विचारतात; तोहि विचारूं द्यावा.

दुसरी एक गोष्ट इतिहासाच्या शिक्षकानेंच दाखवावयाची आहे, कारण मराठीचा शिक्षक ती सहसा दाखवीत नाहीं. ती म्हणजे जें सांगितलें गेलें नाहीं तें. १६३० ते ३२ या वर्षांत दख्खनेंत घोर दुष्काळ पडला. तुकोबांची पहिली पत्नी त्यांतच अन्नावांचून गेली. १६३३ सालीं मोगलांनीं दौलताबाद घेतलें. १६३६ सालीं निजामशाही बुडाली. देवगांव तेथून फार दूर नाहीं. बहिणाबाईच्या घरच्यांनीं गांव सोडलें तें १६३७ च्या सुमारास. राज्यांच्या या उलाढालींस तिच्या कथनांत जागा नाहीं; तिच्या आठवणींत कर्ज आहे, भांडण आहे, वाट आहे. एका कुलकर्ण्यावर कर्ज व्हावें याच्या मुळाशीं दुष्काळ व सैन्यांची ये-जा असेल काय? उत्तर ती देत नाहीं, आणि आपणहि तिच्या तोंडीं घालूं नये. परंतु प्रश्न फळ्यावर लिहून ठेवण्यास हरकत नाहीं. नकाशा मात्र अवश्य काढावा: देवगांव, पंढरपूर, शिंगणापूर, रहिमतपूर, कोल्हापूर, देहू, शिऊर. आमच्या वर्गानें तो काढला तेव्हां दोराच्या मापानें अंतर मोजून मुलें थक्क झालीं. पायीं, भिक्षा मागत, नऊ वर्षांची पोर!

पद्याचा आकार काय करतो हेंहि पाहिलें पाहिजे. अभंगाच्या शेवटीं नाममुद्रा असते. सबंध अभंग 'मी' म्हणून बोलतो आणि अखेरच्या चरणांत 'बहिणी' हें नांव तृतीय पुरुषांत येतें. गद्य आत्मचरित्रांत लेखक असा प्रत्येक पृष्ठाच्या शेवटीं बाहेर येऊन आपणांकडे पाहत नाहीं. येथें दर आठ-दहा चरणांनीं सोसणारी व सांगणारी अशा दोघी वेगळ्या होतात. अकरा वर्षांची मुलगी आणि तिच्याकडे मागें वळून पाहणारी वृद्ध स्त्री. शिवाय एक अभंग म्हणजे एक प्रसंग असा बहुधा बांधा असल्यामुळें, प्रसंगांच्या मधले महिने-वर्षें गळून पडतात. मुलांस हें समजावें म्हणून आम्ही त्यांस घरचा एक प्रसंग आधीं गद्यांत व मग ओवींत लिहावयास सांगतों. ओव्या फार चांगल्या होतात असें नाहीं. पण ओवींत बसवितांना तारीख गळते, कारण गळतें, आणि आईचा शब्द तेवढा राहतो, हें त्यांचें त्यांसच दिसून येतें; मग जुन्या पद्यांत सन का सांपडत नाहींत याबद्दल त्यांची तक्रार राहत नाहीं.

बहिणाबाईच्या कथनाचा जो भाग आधुनिक वाचकास सर्वांत अवघड वाटतो तो शेवटचा. मरणसमयीं मुलास, विठोबास, जवळ बोलावून ती आपले मागील बारा जन्म सांगते, हा तेरावा. आत्मचरित्र म्हणून वाचूं गेल्यास या बारा जन्मांचें काय करावयाचें? कित्येक जण ते सरळ वगळतात. पण तिच्या लेखीं आयुष्याचें माप तें होतें. ज्या मापानें तिनें स्वतःस मोजलें तें काढून घेऊन उरलेल्या भागास आत्मचरित्र म्हणणें हा आमच्या मतें एक प्रकारचा अन्याय आहे.

या मापाच्या गोष्टीवरूनच आम्हांस दुसऱ्या एका पद्यबद्ध आत्मकथनाची आठवण होते. तें मराठी नव्हे. व्रज व खडी बोली मिसळलेल्या मध्यदेशीच्या बोलींतलें आहे. बनारसीदास या जैन व्यापाऱ्यानें आगऱ्यास १६४१ सालीं, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं, पावणेसातशें दोहे-चौपायांत आपला वृत्तान्त लिहिला आणि त्यास 'अर्धकथानक' असें नांव दिलें. मनुष्याचें पूर्ण आयुष्य एकशेंदहा वर्षांचें, म्हणून पंचावन्न वर्षें म्हणजे अर्धी गोष्ट! बिचारा पुढें फार दिवस जगला नाहीं. या ग्रंथाचा महाराष्ट्राशीं संबंध इतकाच कीं १९४३ सालीं नाथूराम प्रेमी यांनीं तो संपादून मुंबईहून प्रसिद्ध केला. मुकुंद लाठ यांचें इंग्रजी भाषांतर १९८१ सालचें आहे.

बहिणाबाई व बनारसीदास हे जवळजवळ समकालीन; पण दोघांच्या सांगण्यांत केवढें अंतर! ती गुरूकडे पाहून सांगते, तो बाजाराकडे पाहून. जौनपूरचें बालपण, हाकिमानें जवाहिऱ्यांस कोंडून मारल्यामुळें झालेली पळापळ, पंधराव्या वर्षींचें छंदीफंदी वागणें, त्यापायीं आलेला अंगाचा रोग, सासुरवाडीस एका न्हाव्यानें केलेला इलाज, मंत्र जपल्यास वर्षाअखेर रोज दारीं एक दीनार सांपडेल म्हणून एका संन्याशानें केलेली फसवणूक, शृंगारावरील आपली हजार पद्यांची पोथी गोमती नदींत टाकून देणें. तो स्वतःची फजिती अशा निर्विकार आनंदानें सांगतो कीं वाचणाऱ्यास त्याच्याविषयीं ममत्व वाटूं लागतें. आगऱ्यास व्यापारांत बुडाल्यावर त्यानें एका कचोरीवाल्याकडे सहा-सात महिने उधारीवर खाल्लें. पैसे नाहींत हें त्यानें आपण होऊनच सांगितलें होतें, आणि कचोरीवाल्यानें खा म्हटलें. संध्याकाळीं घरीं दहा-वीस माणसें जमत. हा त्यांस 'मधुमालती' व 'मृगावती' वाचून दाखवी. शेवटीं हिशेब निघाला तो चौदा रुपयांचा. मोगल बादशाहीच्या राजधानींत एका माणसाच्या अर्ध्या वर्षाच्या कचोऱ्यांस काय पडत असे, हें कोणत्या फर्मानांत सांपडणार?

अकबराचा मृत्यु आमच्या पाठ्यपुस्तकांत एका ओळींत उरकतो: १६०५ सालीं अकबर वारला व जहांगीर गादीवर आला. बनारसीदास त्या दिवसांत जौनपुरास होता. बातमी ऐकली तेव्हां तो जिन्यावर बसला होता. घेरी येऊन खालीं पडला, डोकें फुटलें, आईनें कापड जाळून त्याची राख जखमेवर दाबली. बाहेर शहरांत दुकानें बंद झालीं, लोकांनीं दागदागिने पुरले, श्रीमंतांनीं जाडेंभरडें नेसून गरिबाचें सोंग घेतलें. दहा दिवसांनीं आगऱ्याहून पत्र आलें कीं सलीम तख्तावर बसला, सर्व ठीक आहे, तेव्हां कोठें शहर मोकळा श्वास घेऊं लागलें. हे दहा दिवस मुलांस वाचून दाखविले म्हणजे 'वारसा' या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाहीं. पडलेल्या बनारसीस पुढें असें वाटलें कीं, ज्या शिवाची मी रोज पूजा केली त्यानें मला सावरलें कां नाहीं? आणि त्यानें ती पूजाच सोडून दिली. वर्ग येथें हमखास हंसतो.

त्याचें हंसणें पुढें मावळतें. १६१६-१७ च्या सुमारास आगऱ्यास गांठीची सांथ आली. गांठ उठते, माणूस पाहतां पाहतां मरतो, उंदीर मरून पडतात, वैद्यहि मरतात, असें तो लिहितो. खुद्द जहांगीरच्या आत्मवृत्तांतहि या सांथीचा व उंदरांचा उल्लेख आहे. बादशहा व बनिया यांच्या साक्षी एकमेकांशीं जुळतात, हें दाखवून देण्यासारखें आहे. १८९६ पासूनच्या मुंबई-पुण्याच्या प्लेगच्या गोष्टी ज्या घरांत अजून सांगितल्या जातात त्या घरांतल्या मुलांस हा उतारा फार जवळचा वाटेल. तीन बायका व नऊ मुलें, सात मुलगे व दोन मुली, त्यास झालीं. नऊहि मुलें गेलीं. हें तो दोन-तीन ओळींत सांगतो व स्वतःचे गुणदोष मोजावयास लागतो. गुणांची यादी बरीच लांब आहे. दोषांचीहि आहे, त्यांत कोणी नसतां एकटाच नाचावयाची आपली खोडहि त्यानें लपविली नाहीं.

एकाच शतकांतील या दोन आत्मकथनांपैकीं कोणतें थोर, हा प्रश्न परीक्षेस शोभेल. आम्हांस त्यांत रस नाहीं. दोन्हीं शेजारीं ठेवून वाचलीं असतां एक गोष्ट मुलांस चटकन् कळते: बनारसीदासास आपल्या चुका सांगतां आल्या, कारण त्या सांगूनहि तो आगऱ्याच्या अध्यात्मगोष्ठींत मानाचाच राहणार होता. घराबाहेर पडणें, कर्ज करणें, कुमार्गास लागणें, परत येणें, यांची मुभा त्यास होती. बहिणाबाईस वांसरामागें कीर्तनास जाणें एवढीच मुभा होती, आणि तेवढ्याचाहि तिला मार खावा लागला. तिच्या कथनांत विनोद का नाहीं असें आम्हांस एका विद्यार्थ्यानें विचारलें होतें. उत्तर त्याच्या शेजारच्यानेंच दिलें.

राहिला प्रश्न व्यवहाराचा. बहिणाबाईचें संपूर्ण आत्मनिवेदन शाळेंत वाचून होणार नाहीं. देवगांव सोडण्यापासून देहूस पोहोंचेपर्यंतचे वीस-पंचवीस अभंग, मंबाजीच्या प्रकरणांतले चार-पांच, पतिसेवेवरील दोन-तीन आणि बारा जन्मांपैकीं निदान एक, एवढे निवडले तर सहा तासांत वाचून होतात. ते आधीं चालीवर म्हणून दाखवावेत; भावार्थ मुलांनीं सांगितल्याशिवाय शिक्षकानें सांगूं नये. कठीण शब्दांच्या टिपा तळाशीं हव्यात, कारण तिची भाषा आजच्या मुलांस वाटते तितकी सोपी नाहीं. मारहाणीच्या अभंगापूर्वीं शिक्षकानें वर्गाकडे एकदां नीट पाहून घ्यावें. एखाद्या मुलास वा मुलीस तो अभंग निव्वळ इतिहास म्हणून ऐकूं येणार नाहीं, आणि तास संपल्यावर तें मूल टेबलापाशीं रेंगाळलें तर घाईनें निघून जाऊं नये. बनारसीदासाचें म्हणाल तर अकबराच्या मृत्यूचे दहा दिवस, कचोरीवाला व आगऱ्याची सांथ हे तीन उतारे पुरेत. शाळेंत हिंदी शिकलेल्या नववी-दहावीच्या मुलास ते मराठी टिपांच्या आधारें समजतात, आणि कचोरीचा उतारा तर तीं आपण होऊन पुन्हा वाचावयास मागतात.